लहान लेथवर वाडग्याचा गाभा काढायचं पातं बसवलं, त्याच्या नोंदी (वडोदरा, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४)

४ ऑगस्ट

मशीन आधी सांगतो, कारण पुढची सगळी मापं त्यावरच बेतलेली आहेत. बेडपासून मध्याची उंची १५० मिमी, म्हणजे ३०० मिमी व्यासापर्यंत लाकूड फिरतं. बेड दोन सी-चॅनलचा, मधली फट ४० मिमी. मोटार १ एचपी थ्री-फेज, १४१५ आरपीएम, व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) चालते. पुलीच्या सगळ्यात हळू टप्प्यावर ५० हर्ट्झला स्पिंडल (ठोकळा फिरवणारा लेथचा आस) ६२० आरपीएम.

काम असं: २६५ मिमी व्यासाच्या आणि १०५ मिमी जाडीच्या ठोकळ्यातून मोठा वाडगा करताना आतलं लाकूड कीस करून फेकण्याऐवजी अख्खा गाभा सुटा काढायचा, म्हणजे त्याचा दुसरा वाडगा होईल. यासाठी परदेशी संच मिळतात. मॅकनॉटनमध्ये वाकडं पातं खुंट्यांच्या फटीतून हाताने सरकवतात. वनवे आणि वुडकटमध्ये पातं एका उभ्या खुंट्याभोवती फिरतं. लहान लेथला खुंट्याची पद्धत बरी वाटली. हाताने चालवलेलं पातं भरकटलं तर ते सावरायला लेथला वजन लागतं, आणि ते इथे नाही.

आपल्याकडे लाकडाच्या खरादीचं काम म्हणून संखेडा पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण तिथलं मुख्य काम पाये आणि दांडे, दोन टोकांत धरून फिरवायचं. वाडग्याच्या तोंडातून आत जाणारं हत्यार तिथे विचारून उपयोग नव्हता. म्हणून स्वतः बनवायचं ठरलं.

६ ऑगस्ट

कागदावर माप धरलं. खुंटा बेडवर उभा, स्पिंडलच्या आखाच्या बरोबर खाली, ठोकळ्याच्या तोंडापासून ३० मिमी अलीकडे. याहून जवळ नेता येत नाही. पातं धरणारा दांडा खुंट्यावर फिरतो, त्याच्या बॉसचा (खुंट्यावर बसणाऱ्या गोल भागाचा) व्यास ५० मिमी, म्हणजे २५ मिमी तोच खातो आणि ५ मिमी मोकळीक हवी. पात्याची गोलाई १०५ ते ११० मिमी त्रिज्येची धरली, तर मोठ्या वाडग्याच्या काठाला २५ मिमी भिंत राहते आणि तळाला २३ मिमी. ओलं लाकूड कच्चं घडवताना भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवतात, त्यात हे बसतं.

पातं कशाचं करायचं यावर दोन दिवस घालवले. पट्टी वाकवली तर गोलाई सारखी येत नाही. प्लेटमधून लेझरने कमान कापता येते, पण तिला ३० मिमी उंची द्यायची तर ३० मिमीची प्लेट हवी. शेवटी सोपी वाट निघाली: ८ इंच नॉमिनलचा पाइप. बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, शेड्यूल (पाइपच्या जाडीचा क्रमांक) २० असेल तर भिंत ६.३५ मिमी. म्हणजे बाहेरची त्रिज्या १०९.५५ आणि आतली १०३.२, हवी ती गोलाई तयारच. रिफायनरी आणि केमिकल प्लँटची कामं करणारी फॅब्रिकेशनची दुकानं इथे भरपूर आहेत, त्यामुळे असे तुकडे मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) भंगाराच्या भावात वजनावर मिळतात.

पोलाद कुठलं, याची काळजी नको. पातं लवतं किती हे आकारावर ठरतं. साधं माइल्ड स्टील आणि महागडं अलॉय स्टील एकाच मापाचं असेल तर लवचिकता जवळपास सारखीच.

१० ऑगस्ट

पाइपचा १५० मिमी लांब तुकडा, ५ किलो, ३५० रुपये. त्यातून ३० मिमी रुंद रिंग कापून घेतली आणि रिंगमधून ९० अंशांची कमान. कापताना कटिंग व्हीलने कड थोडी निळी पडली, ती फाइलने साफ केली.

खुंटा: ३२ मिमी ईएन-८ पोलादाचा बार. दांड्याच्या बॉसमध्ये गनमेटलचं ६० मिमी लांब बुश (खुंट्यावर फिरणारी नळी). बुश लांब ठेवायचं, कारण पात्याच्या टोकावर येणारा सगळा भार खाली दाबतो आणि बुशला तिरकं करू पाहतो. खालची प्लेट १६ मिमी, २०० बाय १३०. तिच्या पोटाला ४० मिमीच्या फटीत बसणारी पट्टी, दोन एम-१२ बोल्टांनी बेडला आवळायची.

१६ ऑगस्ट

पहिली चूक. खुंटा प्लेटला भोवताली एकदम वेल्ड केला. गुण्या लावून टॅक (वेल्डचे ठिपके) मारलं होतं तेव्हा सरळ होता, पण वेल्ड थंड झाल्यावर प्लेट कढईसारखी वर आली. पात्याला खुणेची पिन लावून फिरवून पाहिलं: सुरुवातीच्या जागी पिन मध्याच्या उंचीला आणि शेवटी दीड मिमी खाली. खुंटा जेवढा कलतो तेवढं टोक फिरताना वर-खाली होतं, आणि ते कुठल्याही शिमने (खाली सारायच्या पातळ पत्र्याने) दोन्ही जागी एकदम सुधारत नाही.

प्लेट मोठ्या लेथवर खुंट्यावरूनच धरून तळ फेस (खुंट्याला काटकोनात सपाट) करून घेतला. ४०० रुपये आणि तीन दिवस गेले. करणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: आधी वेल्ड, मग तळ फेस, आणि पोटाची पट्टी सगळ्यात शेवटी स्क्रूने.

१९ ऑगस्ट

खुंटा आखावर आणणं. टेलस्टॉकमध्ये (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात) टोकदार सेंटर बसवून त्याचं टोक खुंट्याच्या डोक्यावरच्या पंचखुणेला टेकवलं. आडवा फरक ०.८ मिमी निघाला, पोटाच्या पट्टीच्या ढिलाईएवढाच. एका बाजूला ०.८ मिमीची पत्र्याची पट्टी चिकटवून ढिलाई काढली. हे माप सोडू नये. खुंटा आखावर असेल तरच कापलेला चर गोलाचा भाग होतो, नाहीतर पातं शेवटी मध्याला तिरकं येतं.

टिपला १० मिमी चौकोनी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल बिटचा तुकडा. पात्याच्या टोकाला वरून खाच काढून त्यात बसवला, रुंदी ९ मिमी घासून ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-दीड मिमी मोकळीक. वरचं तोंड सपाट, मध्याच्या उंचीला. पात्याची वरची कड १ मिमी खाली, म्हणजे कीस वरून निघून जाईल. तुकडा पितळेने ब्रेझ करून (पितळ वितळवून जोडून) घेतला.

२२ ऑगस्ट

पहिला प्रयत्न, ओला कडुलिंब. व्हीएफडी ३२ हर्ट्झ, स्पिंडल ४०० च्या आसपास. टेलस्टॉक काढून ठेवावा लागतो, कारण सुरुवातीला दांडा बेडच्या दिशेने मागे असतो आणि ५०० मिमीची मूठ टेलस्टॉकवरच येते.

१० मिमी आत गेल्यावर ठोकळा चकमधून सुटला. चकने धरायला ठोकळ्यालाच ६५ मिमी व्यासाचा टेनॉन (गोल खुंटी) काढला होता, ओल्या लाकडाचा. जबड्यांनी तो चेपला होता आणि पात्याच्या झटक्याने एक बाजू रेषेतून तुटली. गाभा काढताना ठोकळ्यावर सतत एकाच बाजूने भार येतो, साध्या गाउजचा (हातात धरायच्या खरादी छिन्नीचा) भार तसा नसतो. लहान चक आणि ओला टेनॉन या कामाला वापरू नये. ठोकळा सुटला तेव्हा त्याच्या रेषेत कोणी नव्हतं. पुढेही मूठ लांब ठेवून बाजूला उभं राहूनच काम केलं, तोंडावर शील्ड लावून.

टिप पाहिली तर धार गेलेली, कडेला दुमडलेली. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं आणि एचएसएसचं पाणी (कडकपणा) ६०० च्या पुढे उतरायला लागतं. म्हणजे ब्रेझ करतानाच टिप मऊ झाली होती. ४२० रुपयांचा बिट वाया.

२४ ऑगस्ट

नवी टिप चांदीच्या ब्रेझिंग रॉडने बसवली. काम ६५० ते ७०० अंशांत होतं, पातं मंद लाल झालं की रॉड वाहते. एचएसएस थोडं उतरतंच, पण लाकडाला पुरेसं राहतं. तापवायचं ते पात्याच्या बाजूने, टिपवर थेट ज्योत नाही. जोड आधी सॅंडपेपरने उजळ करायचा आणि फ्लक्स आतपर्यंत गेला पाहिजे.

चकऐवजी १५० मिमीची फेसप्लेट (ठोकळा स्क्रूने बसवायची तबकडी) आणली, आठ स्क्रू. घाईत काळे ड्रायवॉल स्क्रू वापरले आणि नुसतं आवळतानाच दोन स्क्रूंची डोकी उडाली. ते कडक आणि ठिसूळ असतात, आडव्या भाराला चालत नाहीत. नंबर १२ चे लाकडाचे स्क्रू घेतले, लाकडात १८ मिमी जातील असे. स्क्रू मध्यापासून ६० मिमी त्रिज्येवर आहेत. तिथे चराखाली ४० मिमी लाकूड उरतं, त्यामुळे पातं स्क्रूवर जायची भीती नाही. मध्याजवळ स्क्रू मारला असता तर तळ २३ मिमीच आहे.

२६ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर

काम बंद. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शेडमध्ये गुडघाभर आलं. व्हीएफडी भिंतीवर उंच होती म्हणून वाचली, मोटार बुडाली. मोटार उघडून धुतली, वाइंडिंगचा मेगर (इन्सुलेशनचा रोध) ०.३ मेगाओहम आला. १ मेगाओहमच्या खाली असेल तर लाइन द्यायची नाही. दोन दिवस बल्बच्या उष्णतेवर सुकवल्यावर २० च्या वर गेला. ६२०४ ची दोन्ही बेअरिंग बदलली, ती सुकवून ठेवण्यात अर्थ नसतो. बेडवरचा गंज केरोसीन आणि स्क्रॅपरने काढला. त्यानंतर गणपती, जीआयडीसीतली दुकानं तशीही अर्धी बंदच.

याच पावसात पडलेल्या झाडांचा कडुलिंब आणि शिरीष वखारीत स्वस्त आला. पुढचे सगळे ठोकळे त्यातले.

१२ सप्टेंबर

फेसप्लेटवर ठोकळा हलला नाही. पण १५ मिमी आत गेल्यावर स्पिंडल थांबलं, व्हीएफडीने ओव्हरलोड दाखवला. पुन्हा, पुन्हा तेच. फीड अगदी हळू केला तर टिप कापण्याऐवजी घासते आणि धार जाते.

दोन कारणं निघाली. पहिलं टिपचं. ती चौकोनी होती, पार्टिंग टूलसारखी, म्हणजे ९ मिमीची पूर्ण धार एकदम लाकडात. तिला भाल्यासारखं टोक दिलं: मध्ये टोक, दोन्ही बाजूंना उतार, खाली १० अंशांची मोकळीक, वरचं तोंड सपाटच. टोक आधी शिरतं, त्यामुळे टिप कुठल्याच बाजूला ओढली जात नाही आणि भार हाताला स्पष्ट कमी लागला. वरच्या तोंडाला उतार देऊ नये, नाहीतर टिप स्वतःच आत खेचली जाते.

दुसरं कारण मोठं. व्हीएफडीने वेग कमी केला की मोटारीचा टॉर्क (फिरवायचा जोर) तेवढाच राहतो, वाढत नाही. ६२० च्या पुलीवर ३२ हर्ट्झ केल्यावर पूर्ण एचपी मिळतच नव्हती, पाऊणाहून कमी मिळत होती. कडेला, १०७ मिमी त्रिज्येवर, जेमतेम ११ किलोचा जोर. वेग पुलीने कमी केला असता तर त्याच मोटारीने जवळपास १७ किलो दिला असता. व्हीएफडीची बटणं फिरवण्यात दोन संध्याकाळी घालवल्या, टॉर्क बूस्ट वाढवून पाहिला. त्याने मोटार गरम झाली, बाकी काही नाही.

२१ सप्टेंबर

वेग पुलीनेच कमी करायला मोटार आणि स्पिंडलच्या मध्ये एक काउंटरशाफ्ट (मधला शाफ्ट) बसवला. मोटारीवर ३ इंची पुली, काउंटरशाफ्टवर ६ इंची, त्याच शाफ्टवर ४ इंची आणि स्पिंडलवर ७ इंची. २ पट आणि पावणेदोन पट, म्हणजे साडेतीन पट. स्पिंडल ४०४ आरपीएम, ५० हर्ट्झला, पूर्ण एचपीवर. २० मिमी शाफ्ट, दोन यूसीपी-२०४ बेअरिंग, ए सेक्शनचे बेल्ट. मोटारीची पुली ३ इंचाहून लहान घेण्याचा मोह होतो, तेवढंच रिडक्शन वाढतं म्हणून, पण ए सेक्शनचा बेल्ट इतक्या लहान पुलीवर नीट वळत नाही, घसरतो आणि तडकतो.

बेल्ट फार ताणायचा नाही. कडेला भार अचानक वाढला तर तो घसरला पाहिजे. या यंत्रात तोच फ्यूज आहे.

२२ सप्टेंबर

आता थांबत नाही. ३० मिमीपर्यंत सुरेख गेलं आणि मग धूर.

आधी वाटलं कीस अडकला. पातं मागे घेऊन चर फुंकला, पुन्हा लावलं, पुन्हा ५-७ मिमीत धूर आणि कडुलिंबाचा कडू वास. टिप धारदार होती, टिपपाशी लाकूड करपलेलं नव्हतं. मूठ मात्र जड, जणू पातं चिखलातून ओढतोय. मोकळीक वाढवायला हवी असं समजून टिप आणखी रुंद करायला निघालो होतो, तेवढ्यात पातं काढून उलटं धरल्यावर खरी खूण दिसली. पात्याच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या कडेपासून साधारण १८ मिमी खाली एक चकचकीत पट्टा सुरू होत होता आणि खालच्या कडेपर्यंत रुंद होत गेला होता. वरचा भाग जसाच्या तसा, फाइलच्या खुणांसह. आतलं अंगही स्वच्छ.

खात्री करायला पातं काळ्या मार्करने रंगवलं आणि १० मिमी कापलं. मार्कर फक्त त्याच पट्ट्यातून उडाला. ज्यांचं पातं जड चालतं त्यांनी टिपला हात लावण्याआधी हे करून पाहावं, दोन मिनिटांचं काम आहे.

कारण असं. टिप ज्या उंचीला कापते तिथे चराची बाहेरची भिंत १११ मिमी त्रिज्येवर होती. पण चर नळीसारखा सरळ नाही, तो गोलाचा भाग आहे. टिपच्या खाली जसजसं जावं तसतशी भिंत आत येते. १८ मिमी खाली ती १०९.५ वर येते, आणि पाइपच्या बाहेरच्या अंगाची त्रिज्या नेमकी तेवढीच. ३० मिमी खाली भिंत १०६.९ वर, म्हणजे पात्याची खालची कड लाकडात पावणेतीन मिमी घुसायला बघत होती. मोकळीक सपाट नकाशावर मोजली होती, वरून पाहिल्यासारखी. पात्याला उंचीही असते, हे त्या नकाशात दिसतच नाही.

आतल्या बाजूला उलट होतं. तिथली भिंत खाली जाताना पात्यापासून दूर जाते, म्हणून ते अंग स्वच्छ राहिलं.

२४ सप्टेंबर

दोन बदल केले.

पात्याच्या बाहेरच्या अंगाला, वरून १० मिमीवर सुरू होणारा आणि खालच्या कडेला २.६ मिमी खोल होणारा उतार ग्राइंडरने काढला. खालची कड पावणेचार मिमी जाड उरली. त्याहून जास्त काढलं तर पातं पिळवटतं.

टिप काढून ०.६ मिमी बाहेर सरकवून पुन्हा ब्रेझ केली. आतल्या अंगाला आता ०.६ मिमीच मोकळीक आहे, पण तिथे खाली ती आपोआप वाढते. बाहेर २ मिमी झाली. टिप मध्यावर बसवली असती तर उतार साडेतीन मिमी काढावा लागला असता आणि खालची कड तीनच मिमी उरली असती.

चर आता आतून १०२.६ आणि बाहेरून १११.६. मूठ हलकी, धूर नाही. दर १०-१२ मिमीला पातं पूर्ण मागे घेऊन कीस काढायचा. ओल्या शिरीषचे लांब धागे येतात, ते पात्यावर गुंडाळून चरात घट्ट बसतात आणि मग तेच करपतात.

२८ सप्टेंबर

पहिला गाभा निघाला, पण बिघडून. कडेपासून बहुतेक अंतर व्यवस्थित कापलं, मध्यापासून १५ मिमी उरलं असताना टिप एकदम खाली गेली, रुतली, आणि गाभा तुटून खडखडला. मोठ्या वाडग्याच्या तळाचा एक तुकडा उपटून आला, ११ मिमी खोल. तो वाडगा गेला.

हिशेब केल्यावर कळलं की कडेला बेल्ट वाचवतो, मध्याला वाचवत नाही. टॉर्क तोच, त्रिज्या लहान. १०७ मिमीवर जिथे १७ किलोला बेल्ट घसरतो, तिथे २० मिमीवर घसरायला ९० किलो लागतात. तोवर लवायचं ते पातंच लवतं, आणि नेमकं तेव्हा ते सगळ्यात जास्त बाहेर लोंबकळत असतं.

पातं किती लवतं ते मोजलं. टोकाला २० किलो टांगून डायल गेज (सूक्ष्म सरक मोजायचं घड्याळ) लावला: दीड मिमी खाली. मग दांडा बेडला क्लॅम्पने घट्ट बांधून पुन्हा मोजलं: ०.८. म्हणजे अर्धं पात्याचं स्वतःचं, आणि ते वाकणं कमी, पीळ जास्त. गोलाईमुळे टोक दांड्याच्या रेषेच्या बाजूला असतं, त्यामुळे भार पात्याला पिळतो. उरलेलं ०.७ बुश, प्लेट आणि बेडचं.

३० सप्टेंबर

पीळ कमी करायला जाड पाइप लागेल. शेड्यूल ४० ची भिंत ८.१८ मिमी, त्याने पीळ निम्म्यावर येईल, पण चर ११ मिमीचा करावा लागेल आणि १ एचपीला तो झेपणार नाही. म्हणून पातं तेच ठेवलं आणि बाकीचं सुधारलं.

बँजोवर (बेडवर सरकणाऱ्या, हत्याराचा टेका धरणाऱ्या भागावर) १६ मिमी बारचा एक बुटका रेस्ट (टेका) उभा केला, चराच्या तोंडाशी, पात्याच्या खालच्या कडेला टेकेल असा. पातं त्यावरून सरकत जातं. ठोकळ्यापासून ३-४ मिमीवर ठेवायचा, बारला मेण लावायचं. बुश, प्लेट आणि बेडचं ०.७ मिमी यानेच जवळपास सगळं जातं. टोकाला तेच २० किलो टांगून डायलवर आता ०.९ येतं.

टिप मध्यापेक्षा अर्धा मिमी वर ठेवली, भार आल्यावर ती मध्याला येते.

प्लेटवर १० मिमीची पिन ठोकली. टिप मध्यापासून २० मिमीवर आली की दांडा पिनला टेकतो. तिथून पुढे कापायचंच नाही. मशीन थांबवून चरात दोन बाजूंनी लाकडी पाचरी हलक्या ठोकायच्या, रेषांच्या दिशेने, आडव्या नव्हे. उरलेला ४० मिमीचा देठ तुटतो. तुटताना रेषा ४-५ मिमी उपटून येतात, कधी या बाजूने तर कधी त्या, तेवढं तळात धरून ठेवलं पाहिजे.

२ ऑक्टोबर

तीन ठोकळे, तीन गाभे, सगळे शाबूत. दोन शिरीषचे, एक कडुलिंबाचा. कापायला प्रत्येकी १२ ते १५ मिनिटं, त्यातली निम्मी कीस काढण्यात. ठोकळा चढवणं, तोंड सपाट करणं, खुंट्याचं ३० मिमीचं माप लावणं यात अर्धा तास. टिपला प्रत्येक गाभ्यानंतर ग्राइंडरवर एकदा धार.

३० मिमीचं माप प्रत्येक वेळी लाकडी गेजने तपासायचं. खुंटा ठरल्यापेक्षा ३ मिमी तोंडाच्या जवळ गेला की तळ तेवढाच पातळ होतो.

गाभा १९६ मिमी व्यासाचा, ७२ मिमी खोल येतो. घनफळ काढलं तर १.३ लिटर लाकूड वाचतं, चरासकट सगळं मिळून पावणेदोन लिटर कीस झाला असता. कडुलिंबाला ही मेहनत परवडते का, हे ज्याचं त्याने ठरवावं. सागवान किंवा शिसमच्या ठोकळ्याला नक्की परवडते.

वाडगे लगेच कागदात गुंडाळले. जिथे रेषा आडव्या कापल्या गेल्या आहेत त्या दोन बाजूंना पातळ केलेला फेविकॉल. पावसानंतरचं ऊन इथे कडक असतं, एक गाभा दुपारभर उघडा राहिला तर काठाला तडा गेला.

६ ऑक्टोबर

खर्च. पाइप ३५०. प्लेट आणि बार १,४५०. खुंटा आणि बुशचं टर्निंग १,८००. तळ पुन्हा फेस करणं ४००. दोन बिट ८४०. चांदीची रॉड आणि फ्लक्स ७००. काउंटरशाफ्ट, बेअरिंग, पुल्या २,६५०. बेल्ट ५४०. फेसप्लेट ९००. स्क्रू १२०. एकूण ९,७५०. मोटारीच्या बेअरिंगचे ४८० यात धरलेले नाहीत. मधला पुराचा पंधरवडा सोडला तर सात आठवडे, त्यातले निम्मे प्लेट, व्हीएफडी आणि त्या घासणाऱ्या कडेवर गेले.

पुढचं पातं ६ इंची पाइपचं, याच गाभ्यातून तिसरा वाडगा काढायला. बाहेरचा व्यास १६८.३, शेड्यूल ४०, भिंत ७.११ मिमी. खुंटा ३० ऐवजी ३६ मिमीवर ठेवायचा, नाहीतर तळ १६ मिमीच उरतो. त्रिज्या लहान झाली की भिंत खाली जाताना जास्त वेगाने आत येते. चराची बाहेरची त्रिज्या ८६.२ धरली आणि पातं ३० मिमी उंचच ठेवलं तर खालच्या कडेला जवळजवळ चार मिमी काढावे लागतील. म्हणून रिंग २४ मिमी रुंदच कापायची. तेवढ्याला १.९ मिमीचा उतार पुरतो आणि सव्वापाच मिमी जाडी शिल्लक राहते. तुकडा आणून ठेवलाय, त्यावर २४ ची खूण केलीय.